रुग्णशय्येवरील अध्यक्षपद

राज्याच्या प्रमुखाचा मृत्यू झाला तर पुढे काय करावयाचे, हे बहुतेक राज्यघटनांनी ठरवून ठेवलेले असते. तो जिवंत आहे, पण कारभार पाहण्यास समर्थ राहिलेला नाही, अशा वेळी काय करावयाचे याचे उत्तर मात्र फार थोड्या घटनांत स्पष्टपणे सापडते. मृत्यू नाकारण्याची सोय कोणालाच नसते. आजाराचे तसे नाही. तो किती गंभीर आहे, तात्पुरता आहे की कायमचा, हे कोणी ठरवावयाचे आणि ठरविले तरी उघडपणे कोणी बोलून दाखवावयाचे, हे प्रश्न मग वैद्यकाच्या हद्दीत राहत नाहीत. ते राजकारणाचे होतात. अमेरिकेचे अठ्ठाविसावे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या कारकीर्दीचे शेवटचे सतरा महिने हे याचे ठळक उदाहरण होय. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या नावाने या काळात एका बलाढ्य राष्ट्राचा कारभार चालला, आणि पहिल्या महायुद्धानंतर स्थापन होत असलेल्या राष्ट्रसंघात अमेरिका सामील होणार की नाही, याचा निकालही याच काळात लागला.

विल्सन यांच्या बाबतीत हे घडावे यात एक विलक्षण विसंगती आहे. अमेरिकेची राज्यपद्धती कोठे अडते, तिच्यात जबाबदारी कोणाची आणि ती कोणाच्या अंगावर येत नाही, याचा अभ्यास करण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. त्या राज्यपद्धतीतील सर्वांत मोठी उणीव अखेरीस त्यांच्याच आजारपणाने उघडी पडली.

राज्यशास्त्राचा अध्यापक

विल्सन यांचा जन्म २८ डिसेंबर १८५६ रोजी व्हर्जिनिया राज्यातील स्टाँटन या गावी झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. यादवी युद्धाच्या काळात हे कुटुंब जॉर्जिया राज्यात ऑगस्टा येथे राहत होते. युद्धात होरपळून निघालेली दक्षिण त्यांनी बालपणी पाहिली. वक्तृत्व, कर्तव्यनिष्ठा आणि आपली बाजू न्यायाचीच आहे याविषयीची अढळ खात्री हे तिन्ही गुण त्यांनी घरातच उचलले. यांपैकी तिसऱ्याला गुण म्हणावे की दोष, हे प्रसंगावर अवलंबून असते.

अटलांटा येथे काही काळ वकिली करून पाहिल्यानंतर ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखल झाले आणि १८८५ साली त्यांचा अमेरिकी काँग्रेसच्या कारभारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. या ग्रंथाने त्यांचे नाव झाले. काँग्रेसमधील खरी सत्ता समित्यांच्या बंद दाराआड वाटली गेली आहे, त्यामुळे कोणत्याही निर्णयाचा जाब कोणाला विचारावा हेच नागरिकाला कळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ब्रिटिश मंत्रिमंडळ पद्धतीचे त्यांना मोठे आकर्षण होते, कारण तेथे नेता समोर असतो आणि त्याला समोरासमोर उत्तर द्यावे लागते. पुढे १९०८ साली लिहिलेल्या दुसऱ्या ग्रंथात त्यांचा भर अध्यक्षपदाच्या सामर्थ्यावर होता. या पदाचा भार इतका वाढत चालला आहे की शहाणपणाबरोबर मल्लाची प्रकृती असलेली माणसेच यापुढे शोधावी लागतील, असेही त्यांनी त्यात नमूद केले होते.

त्यांची स्वतःची प्रकृती मात्र मल्लाची नव्हती. १८९६ साली त्यांचा उजवा हात दुर्बल झाला आणि त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. १९०६ साली एके दिवशी सकाळी जाग आली तेव्हा डाव्या डोळ्याने दिसेनासे झाले होते. या घटनांचा अर्थ काय लावावा याविषयी वैद्यकाच्या इतिहासकारांत पुढे पुष्कळ वाद झाले; परंतु रक्तवाहिन्यांचे दुखणे पुढे एकाएकी उद्भवले नाही, एवढे त्यांवरून अनुमान काढता येते. त्या वेळी विल्सन प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. १९०२ पासून त्यांनी तेथे अध्यापनात मोलाच्या सुधारणा केल्या. पण पदव्युत्तर महाविद्यालयाच्या प्रश्नावरून सहकाऱ्यांशी तंटा झाला तेव्हा त्यांनी तडजोडीला नकार दिला आणि ते हरले. दहा वर्षांनंतर वॉशिंग्टनमध्ये जे नाटक घडणार होते त्याची ही छोटी तालीमच होती.

अध्यक्षपद आणि युद्ध

प्रिन्स्टन सोडून ते १९१० साली न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकले आणि दोनच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाले. १९१२ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्ष टॅफ्ट आणि थिओडोर रूझवेल्ट यांच्यात दुभंगला नसता तर हे घडले असते की नाही, याविषयी शंका आहे. मिळालेल्या संधीचा विल्सन यांनी पुरेपूर उपयोग केला. १९१३ साली मध्यवर्ती बँकिंगची फेडरल रिझर्व्ह व्यवस्था उभी राहिली, आयात करात कपात झाली, आणि पुढील वर्षी मक्तेदारीविरोधी कायदा अधिक कडक झाला. याच माणसाच्या राजवटीत केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना गोऱ्यांपासून वेगळे बसविण्याची पद्धत पसरली, हेही विसरता येत नाही. न्यायाविषयीच्या त्यांच्या निष्ठेला वर्णाची मर्यादा होती.

त्यांच्या पहिल्या पत्नी एलन ऑगस्ट १९१४ मध्ये, युरोपात महायुद्धाला तोंड लागत असतानाच, निवर्तल्या. डिसेंबर १९१५ मध्ये विल्सन यांनी एडिथ बोलिंग गाल्ट या वॉशिंग्टनमधील विधवेशी विवाह केला. एडिथ यांचे औपचारिक शिक्षण अल्प होते, पण निर्धार मोठा होता. सरकारी कागदपत्रे पाहताना विल्सन त्यांना जवळ बसवून घेत. या सवयीला त्या वेळी कोणी महत्त्व दिले नाही.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. ८ जानेवारी १९१८ रोजी विल्सन यांनी आपली चौदा कलमे जाहीर केली आणि ते एका राष्ट्राचे अध्यक्ष न राहता साऱ्या पीडित जगाचे आशास्थान बनले. स्वयंनिर्णयाचे तत्त्व त्यांनी युरोपकडे पाहून मांडले होते. परंतु ते ऐकले मात्र आशिया आणि आफ्रिकेनेही. लोकमान्य टिळक त्या वेळी चिरोल खटल्याच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये होते. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने शांतता परिषदेसाठी त्यांची प्रतिनिधी म्हणून निवड केली होती. पॅरिसला जाण्याची परवानगी ब्रिटिश सरकारने नाकारल्यावर टिळकांनी १९१९ च्या आरंभी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो आणि विल्सन यांच्याकडे हिंदुस्थानचे म्हणणे लेखी पाठविले. योग्य अधिकारी योग्य वेळी या प्रश्नाचा विचार करतील, अशा आशयाची पोच विल्सन यांच्या कचेरीकडून आली. ती योग्य वेळ परिषदेत कधी उगवली नाही.

पॅरिसमध्ये विल्सन यांना पावलोपावली माघार घ्यावी लागली. नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीत काँग्रेसची दोन्ही सभागृहे विरोधकांच्या हाती गेली होती, तरीही त्या पक्षाचा एकही सिनेटर त्यांनी बरोबर नेला नव्हता. एप्रिल १९१९ मध्ये ते तापाने अंथरुणाला खिळले आणि त्यातून उठल्यावर अधिक थकलेले, अधिक चिडखोर दिसू लागले. तहातील अनेक अन्याय्य कलमे त्यांनी एकाच भरवशावर पत्करली. ज्या राष्ट्रसंघाची घटना तहातच गोवली आहे तो संघ या चुका पुढे दुरुस्त करील, असा तो भरवसा होता. त्यामुळे राष्ट्रसंघाला धक्का लागणे म्हणजे आपल्या सर्व तडजोडी निष्फळ ठरणे, असे समीकरण त्यांच्या मनात बसून गेले.

प्युएब्लोहून परत

तह अमलात येण्यास सिनेटच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती आवश्यक होती. परराष्ट्र समितीचे अध्यक्ष हेन्री कॅबट लॉज यांनी संमतीबरोबर काही राखीव अटी जोडण्याचा आग्रह धरला. सभासद राष्ट्रावर आक्रमण झाल्यास त्याच्या रक्षणाची हमी देणारे दहावे कलम हा वादाचा मुख्य विषय होता. काँग्रेसच्या संमतीवाचून अमेरिकी सैन्य परदेशी धाडण्याचे बंधन या कलमाने येऊ नये, असे लॉज यांचे म्हणणे होते. कोणताही करार नको म्हणणाऱ्या सिनेटरांचा एक छोटा गटही होता. मधल्या मार्गाने जाऊ इच्छिणारे सिनेटर संख्येने पुरेसे होते. सप्टेंबर १९१९ च्या आरंभी समेटाचा मार्ग अजून बंद झाला नव्हता.

विल्सन यांनी तो सोडून जनतेकडे धाव घेतली. त्यांचे डॉक्टर, नौदलातील अधिकारी कॅरी ग्रेसन, यांनी दौऱ्याला विरोध केला होता. तो मानला गेला नाही. ३ सप्टेंबरला विशेष आगगाडी निघाली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार मैलांचा प्रवास व चाळीसच्या आसपास भाषणे झाली. ध्वनिवर्धक बहुतेक ठिकाणी नव्हते. हजारोंच्या समुदायापुढे घसा ताणून बोलावे लागे. रात्री डोकेदुखीने झोप येत नसे. २५ सप्टेंबरला कोलोरॅडोतील प्युएब्लो येथे केलेले भाषण या दौऱ्यातील शेवटचे ठरले. त्या रात्री प्रकृती इतकी ढासळली की पुढील सर्व सभा रद्द करून गाडी वॉशिंग्टनला वळविण्यात आली. २ ऑक्टोबर १९१९ रोजी सकाळी व्हाइट हाउसमध्ये त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. शरीराची डावी बाजू लुळी पडली. बुद्धी शाबूत होती, वाचा होती. पण लक्ष टिकविण्याची शक्ती, दुसऱ्याचे म्हणणे तोलण्याची शक्ती आणि मनावरील ताबा यांना जो धक्का बसला तो पुरता भरून निघाला नाही.

बंद दाराआड

देशाला यांतले काहीच सांगण्यात आले नाही. मानसिक थकवा आणि विश्रांतीची गरज, एवढेच ग्रेसन यांच्या पत्रकांतून जाहीर होत राहिले. पक्षाघात हा शब्द त्यांत नव्हता. एडिथ यांनी पुढे आत्मचरित्रात दिलेल्या हकिकतीनुसार, अध्यक्षांनी राजीनामा दिल्यास जगण्याची त्यांची इच्छाच नाहीशी होईल आणि तहाचेही नुकसान होईल, असे मत तज्ज्ञ डॉक्टर डर्कम यांनी दिले होते. म्हणून प्रत्येक प्रश्न आधी आपल्याकडे यावा आणि त्यांतला अत्यावश्यक तेवढाच रुग्णापुढे ठेवावा, अशी व्यवस्था ठरली. आपण सार्वजनिक बाबतीत एकही निर्णय स्वतः घेतला नाही, कोणती गोष्ट महत्त्वाची आणि ती केव्हा पुढे न्यावयाची एवढेच ठरविले, असा त्यांचा दावा होता. हा दावा अक्षरशः खरा मानला तरी त्यातच सारे आले. राज्यकर्त्यापुढे कोणता प्रश्न जावा आणि कोणता जाऊ नये हे जो ठरवितो, तोच निम्मा निर्णय घेत असतो.

मंत्र्यांनी पाठविलेली टिपणे परत येत तेव्हा त्यांच्या समासात एडिथ यांच्या मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात अध्यक्षांचा अभिप्राय लिहिलेला असे. पुष्कळ टिपणे परतच येत नसत. परदेशी वकिलांच्या नेमणुका रखडल्या, मंत्रिमंडळातील रिकाम्या जागा रेंगाळल्या. घटनेने दिलेल्या दहा दिवसांत अध्यक्षांनी सही केली नाही वा विधेयक परत पाठविले नाही तर ते आपोआप कायदा होते. अशा रीतीने अनेक विधेयके सहीवाचून कायदा बनली. ब्रिटनने एडवर्ड ग्रे यांच्यासारख्या ज्येष्ठ मुत्सद्द्याला तहाच्या प्रश्नी मदत व्हावी म्हणून खास राजदूत करून पाठविले होते. ते महिनोन्महिने वॉशिंग्टनमध्ये थांबले आणि अध्यक्षांचे दर्शनही न होता मायदेशी गेले.

देशात त्या वेळी शांतता होती असे नव्हे. पोलाद कामगारांचा मोठा संप चालू होता, नोव्हेंबरमध्ये कोळसा खाणींचा संप सुरू झाला, महागाई वाढत होती. साम्यवादाची धास्ती पसरली होती आणि तिचा फायदा घेऊन ॲटर्नी जनरल पामर यांनी धरपकडीचे सत्र आरंभिले. हजारो माणसे, बहुतांशी परदेशातून आलेली, पुराव्यावाचून पकडली गेली. विल्सन निरोगी असते तर त्यांनी हे रोखले असते, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही; युद्धकाळात मतस्वातंत्र्याची गळचेपी त्यांच्याच सरकारने केली होती. परंतु शीर्षस्थ माणूस नसला की महत्त्वाकांक्षी मंत्र्यांना रान मोकळे मिळते, हा अनुभव अमेरिकेने त्या हिवाळ्यात घेतला.

ज्यांनी पाऊल उचलले नाही

घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात अध्यक्ष कर्तव्ये पार पाडण्यास असमर्थ झाल्यास ती उपाध्यक्षाकडे जातील, एवढे वाक्य होते. असमर्थता म्हणजे काय आणि ती कोणी ठरवावयाची, याविषयी घटनाकारांनी काही लिहिले नव्हते. १८८१ साली अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेल्यावर ते अकरा आठवडे मृत्यूशी झुंजत होते. तेव्हाही उपाध्यक्ष आर्थर यांनी सूत्रे हाती घेण्याचे नाकारले होते. त्याला कारण होते. १८४१ साली अध्यक्ष हॅरिसन यांच्या मृत्यूनंतर उपाध्यक्ष टायलर यांनी केवळ अध्यक्षांची कामे न घेता अध्यक्षपदच घेतले होते. त्यामुळे एकदा पद घेतले की आजारातून उठलेल्या अध्यक्षाला ते परत कसे द्यावयाचे, ही अडचण निर्माण झाली होती. तात्पुरती व्यवस्था करावी तर ती कायमची ठरण्याचे भय होते.

परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी झटक्याच्या दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांचे चिटणीस जोसेफ टमल्टी यांच्यापुढे घटनेतील हे कलम ठेवले. टमल्टी संतापले. अध्यक्ष असमर्थ आहेत असे प्रमाणपत्र आपण देणार नाही आणि ग्रेसनही देणार नाहीत, असे त्यांनी बजावले. ६ ऑक्टोबरला लॅन्सिंग यांनी मंत्रिमंडळाची बैठक बोलाविली. तेथे ग्रेसन यांनी मंत्र्यांना मोघम माहिती दिली आणि ही बैठक कोणाच्या अधिकाराने भरली अशी पृच्छा अध्यक्षांनी केल्याचे सांगितले. मंत्री निमूटपणे उठले. त्यानंतरही लॅन्सिंग बैठका घेत राहिले, कारण कारभार कोठेतरी चालविणे भाग होते. फेब्रुवारी १९२० मध्ये नेमक्या याच कारणावरून विल्सन यांनी त्यांचा राजीनामा मागितला. देशाला त्यातून एवढेच दिसले की रुग्ण अध्यक्षाला काम थांबविण्याचे नाही, काम चालू ठेवल्याचे वैषम्य वाटते.

उपाध्यक्ष टॉमस मार्शल हे इंडियानाचे विनोदी स्वभावाचे, सरळमार्गी गृहस्थ होते. आजाराचे खरे स्वरूप त्यांना सरकारी मार्गाने कळविलेच गेले नाही. एका वार्ताहराकरवी ते त्यांच्या कानावर घालण्यात आले. आपण सत्तेवर टपून बसलो आहोत असे दिसू नये, ही त्यांची मुख्य चिंता होती. काँग्रेसच्या ठरावावाचून आणि व्हाइट हाउसच्या लेखी संमतीवाचून आपण सूत्रे हाती घेणार नाही, अशी त्यांची भूमिका राहिली. नोव्हेंबरमध्ये अटलांटा येथील एका सभेत ते बोलत असताना विल्सन निवर्तल्याची खोटी बातमी आली आणि मार्शल यांनी हादरून भाषण थांबविले. बातमी खोडसाळपणाची होती. पण त्या काही क्षणांत अमेरिकेचे अध्यक्षपद कोणाकडे आहे हे सभेतील कोणालाच, मार्शल यांनाही, ठाऊक नव्हते.

अफवा वाढल्या तेव्हा सिनेटने दोन सदस्य प्रत्यक्ष पाहणीसाठी पाठविले. मेक्सिकोतील एका तंट्याचे निमित्त होते. ५ डिसेंबरला विरोधी पक्षाचे आल्बर्ट फॉल आणि स्वपक्षाचे गिल्बर्ट हिचकॉक रुग्णाच्या खोलीत गेले. लुळा डावा हात पांघरुणाखाली होता, प्रकाश बेताचा होता, आणि एडिथ हाती कागद-पेन्सिल घेऊन संभाषण टिपून घेत होत्या. विल्सन यांनी त्या चाळीस मिनिटांपुरती सारी शक्ती एकवटली. ते हजरजबाबीपणे बोलले. बाहेर आल्यावर दोघांनीही अध्यक्षांची बुद्धी तल्लख असल्याचा निर्वाळा दिला आणि चौकशीचा प्रश्न मिटला. एका भेटीत सावध दिसणे आणि रोजचा कारभार पाहता येणे यांतला फरक विचारण्याची कोणाची तयारी नव्हती.

तहाचा निकाल

याच खोलीत तहाचे भवितव्य ठरले. हिचकॉक हे सिनेटमध्ये तहाच्या बाजूचे पुढारी होते. लॉज यांच्या अटी काही प्रमाणात मान्य केल्यावाचून तह संमत होणार नाही, हे त्यांनी नोव्हेंबरमध्ये रुग्णशय्येशी जाऊन सांगितले. विल्सन यांना आपल्या बाजूला मते किती कमी पडत आहेत याची कल्पनाच नव्हती; बाहेरचे वारे त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. मित्रांच्या विनवणीवरून एडिथ यांनीही एकदा अटी मान्य करण्याचा आग्रह धरला, पण विल्सन बधले नाहीत. अटींसह तह म्हणजे तहाचा नाशच, असे मानून त्यांनी अनुयायांना विरोधी मत देण्यास सांगितले. १९ नोव्हेंबर १९१९ रोजी अटींसह आणि अटींवाचून, दोन्ही रूपांत तह फेटाळला गेला.

आणखी एक संधी आली. १९ मार्च १९२० रोजी अटींसह तहावर पुन्हा मतदान झाले तेव्हा अध्यक्षांचा आदेश झुगारून त्यांच्या पक्षाच्या २१ सदस्यांनी तहाच्या बाजूने मत दिले. बाजूने ४९ आणि विरुद्ध ३५ मते पडली. दोन तृतीयांश बहुमताला केवळ सात मते कमी पडली. विरुद्ध मत देणाऱ्यांत तहाचे कट्टर शत्रू बारा होते. उरलेले तेवीस विल्सन यांचे निष्ठावंत होते. राष्ट्रसंघाच्या जनकानेच आपल्या देशाला त्यापासून दूर ठेवण्यास विरोधकांना मते पुरविली.

याचा सारा दोष आजारावर टाकणे सोयीचे असले तरी योग्य नव्हे. प्रिन्स्टनमध्ये, मल्लासारखी नसली तरी चालती-बोलती प्रकृती असताना, विल्सन असेच अडून बसले होते. आजाराने त्यांचा स्वभाव बदलला नाही. स्वभावाला आवर घालणारे सर्व उपाय तेवढे काढून घेतले. निरोगी विल्सन रोज दहा माणसांना भेटले असते, वर्तमानपत्रे चाळली असती, मतांची मोजदाद ऐकली असती, आणि एखाद्या संध्याकाळी, नाखुषीने का होईना, एखाद्या शब्दावर तडजोड केली असती. बंद खोलीतील विल्सन यांना आपल्या स्मृतीतील जयघोष तेवढे ऐकू येत होते. आणि त्यांच्या जागी मार्शल आले असते तर अटींसह तह संमत होण्याचा संभव मोठा होता, असे अनेक इतिहासकार मानतात.

मंत्रिमंडळाची अध्यक्षांच्या उपस्थितीतील बैठक एप्रिल १९२० मध्ये प्रथम झाली. त्या उन्हाळ्यात आपल्याला तिसऱ्यांदा उमेदवारी मिळावी, अशी आशा या रुग्णाच्या मनात होती. पक्षातील जिव्हाळ्याच्या मंडळींनी ती हळुवारपणे बाजूला सारली. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन पक्षाचे हार्डिंग प्रचंड बहुमताने निवडून आले. डिसेंबरमध्ये विल्सन यांना १९१९ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ४ मार्च १९२१ रोजी ते व्हाइट हाउसबाहेर पडले. त्यांच्या जागी आलेले धडधाकट हार्डिंग ऑगस्ट १९२३ मध्येच वारले. विल्सन त्यांच्यानंतर सहा महिने जगले आणि ३ फेब्रुवारी १९२४ रोजी वॉशिंग्टनमधील आपल्या घरी निवर्तले. एडिथ यांनी त्यांची स्मृती सदतीस वर्षे जपली आणि २८ डिसेंबर १९६१ रोजी, विल्सन यांच्या जन्मदिनीच, त्यांचाही अंत झाला.

उशिरा सुचलेले शहाणपण

या कथेत खलपुरुष शोधू गेल्यास सापडत नाही. एडिथ यांना पतीचे प्राण वाचवावयाचे होते, ग्रेसन यांना रुग्णाचा विश्वास राखावयाचा होता, टमल्टी यांना धन्याशी इमान राखावयाचे होते, मार्शल यांना अधिकाराचा लोभ दाखवावयाचा नव्हता. प्रत्येकाचे वर्तन खाजगी नीतीच्या कसोटीला उतरणारे आहे. परंतु खाजगी नीती आणि सार्वजनिक कर्तव्य यांचा मेळ बसत नसेल तेव्हा कोणी बोलावयाचे, हे कायद्याने ठरविले नाही तर भली माणसे गप्प राहतात आणि सत्ता खोलीच्या दाराशी जो उभा असेल त्याच्या हाती जाते.

अमेरिकेला हे कळण्यास आणखी अर्धशतक लागले. १९२० च्या उन्हाळ्यात उपाध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून रुग्ण विल्सन यांना भेटून आलेले फ्रँकलिन रूझवेल्ट पुढे स्वतः अध्यक्ष झाले आणि १९४४ साली त्यांची खालावलेली प्रकृतीही मतदारांपासून लपविण्यात आली. अखेरीस केनेडी यांच्या हत्येनंतर घटनेची पंचविसावी दुरुस्ती तयार झाली आणि ती १९६७ साली अमलात आली. अध्यक्षाने स्वतः तात्पुरती सूत्रे सोपविण्याची व पुन्हा घेण्याची सोय तिने केली. तो तसे करू शकत नसेल किंवा करीत नसेल तर उपाध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्री यांनी मिळून असमर्थता लेखी कळवावी, आणि वाद झाल्यास काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी निर्णय द्यावा, असे ठरले. लॅन्सिंग यांना ज्या कृतीसाठी पद सोडावे लागले, ती आता मंत्र्यांच्या अधिकारातील गोष्ट झाली.

भारतीय राज्यघटनेच्या ६५ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपती आजारी असल्यास त्यांची कार्ये उपराष्ट्रपतींकडे सोपविली आहेत. आजार किती झाला म्हणजे असे करावयाचे, हे कोणी ठरवावे हे मात्र तेथेही लिहिलेले नाही. पंतप्रधानांच्या आजारपणाविषयी तर घटना मौनच पाळते. जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे पंडित नेहरूंना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा लालबहादूर शास्त्री यांना बिनखात्याचे मंत्री म्हणून परत आणून कामाचा भार वाटून देण्यात आला, आणि २७ मे रोजी नेहरूंचे निधन झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत शास्त्री पंतप्रधान झाले. तो काळ निभावला तो कलमांच्या बळावर नव्हे, तर नेत्याला पक्ष आणि संसद यांचा विश्वास सतत सांभाळावा लागतो या पद्धतीच्या आणि त्या वेळच्या माणसांच्या समंजसपणाच्या बळावर. तरुण विल्सन यांना ज्या संसदीय पद्धतीचे आकर्षण वाटत होते तिचे हे एक बळ आहे. १९०८ साली ब्रिटनमध्ये कॅम्पबेल-बॅनरमन आणि १९२३ साली बोनार लॉ यांनी असाध्य आजारात पंतप्रधानपद सोडले आणि राज्याचा गाडा अडला नाही.

माणसांच्या समंजसपणावर मात्र प्रत्येक वेळी विसंबता येत नाही. नेता लोकप्रिय असेल, त्याच्या भोवतालची माणसे निष्ठावंत असतील आणि दुसऱ्या फळीचा पुढारी भिडस्त असेल, तर कोणत्याही देशात १९१९ सालचे वॉशिंग्टन पुन्हा उभे राहू शकते. आजारी राज्यकर्त्याविषयी सहानुभूती बाळगणे हा माणुसकीचा भाग आहे. परंतु त्याच्या प्रकृतीची खरी वार्ता मागणे हा नागरिकाचा अधिकार आहे, आणि तो मागताना संकोच वाटू नये एवढी स्पष्ट तरतूद करून ठेवणे हे नेता ठणठणीत असतानाच करावयाचे काम आहे. विल्सन यांच्या टेबलावर हा प्रश्न कधी आलाच नाही. तो येण्याची वेळ झाली तेव्हा त्यांच्या खोलीचे दार बंद होते.